एम. ए. (गायन): अर्ज भरण्याआधी

"भूप गा."

प्रवेशचाचणीला आलेली मुलगी भूप गाऊ लागली. दहाएक वर्षं शिकलेली होती. बडा ख्याल नीट बसवलेला, ताना पाठ. चार-पाच मिनिटांनी आम्ही तिला थांबवलं आणि म्हटलं, "आता हेच पाच स्वर घेऊन देशकार गा." ती गप्प झाली. तानपुरा चालूच होता. तिनं डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणून पाहिलं, आणि तार षड्जावरून उतरून धैवतावर येऊन थांबली. चांगली थांबली. पंचमाला हात लावून पुन्हा धैवतावर गेली. खाली येताना गंधार मात्र निसटता घेतला. देशकार तिला कोणी शिकवलाच नव्हता, हे नंतर तिनंच सांगितलं. गुरुजींकडं सकाळी दुसऱ्या कुणाची शिकवणी चालू असताना बाहेर चटईवर बसून तिनं तो ऐकला होता. आम्ही तिला घेतलं.

त्याच दिवशी तिच्यानंतर आलेल्या मुलाचा आवाज तिच्याहून सरस होता. त्यालाही हाच प्रश्न विचारला. तो म्हणाला, "तो राग मी तयार केलेला नाही."

भूप आणि देशकार या दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हेच स्वर. भूपात गंधार वादी आणि धैवत संवादी, देशकारात धैवत वादी आणि गंधार संवादी. एक रात्रीच्या पहिल्या प्रहरातला, दुसरा सकाळचा. एवढं तर प्रत्येक परीक्षार्थी वहीत लिहितो. पण ते गळ्यातून दाखवता येतं का, हे चाचणी घेणारा पाहत असतो. असेच तीन राग म्हणजे मारवा, पूरिया आणि सोहनी. स्वर तेच, पंचम तिघांतही नाही. मारव्यात ऋषभ-धैवताचं राज्य, पूरियात गंधार-निषादाचं आणि सगळा ओढा मंद्राकडं, सोहनी तार सप्तकात रमणारी. प्रवेशाची तयारी करायची असेल तर नवा अवघड राग बसवण्यापेक्षा अशा जोड्या गाऊन पाहा. सोबत झपताल, रूपक, एकताल हातावर टाळी देत ठायीत आणि दुगुणीत म्हणायला शिका. झपतालाची टाळी पहिल्या, तिसऱ्या आणि आठव्या मात्रेवर, सहावी खाली, हे माहीत असलेली मुलं दुगुण सुरू झाली की आठव्या मात्रेशी हमखास गडबडतात. तानपुरा स्वतः जुळवता आला पाहिजे. मारवा गायचा असेल तर पहिली तार पंचमात ठेवून चालत नाही, ती निषादात घ्यावी लागते, हे विचारायच्या आत तुमच्या हातानं केलं तर परीक्षकाला बरंच काही कळतं.

तरीही, अर्ज भरण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा आणि तो बहुतेक जण विचारतच नाहीत. ही दोन वर्षं मी कोणासमोर बसणार आहे? विद्यापीठाचं नाव, वसतिगृह, शुल्क, नोकरीची शक्यता हे सगळं नंतर. गायनातली पदव्युत्तर पदवी म्हणजे मुख्यतः एका माणसासमोर दोन वर्षं बसून गाण्याची संधी आहे. तो माणूस कोण, आठवड्यातून किती वेळ भेटणार, आणि तो गाऊन दाखवणारा आहे की सांगून थांबणारा, यावर तुमच्या दोन वर्षांची किंमत ठरते.

संगीत शाळेत आणि विद्यापीठात शिकवता येतं का, हा वाद जुना आहे. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयानं मौलाबक्षांनी 1886 मध्ये गायनशाळा काढली. विष्णु दिगंबर पलुसकरांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. भातखंड्यांच्या प्रेरणेनं 1926 मध्ये लखनौला संगीत महाविद्यालय उभं राहिलं आणि तिथं श्रीकृष्ण रातंजनकरांनी अनेक वर्षं प्राचार्यपद सांभाळलं. बनारस हिंदू विद्यापीठात 1950 मध्ये ओंकारनाथ ठाकुरांनी संगीत महाविद्यालयाची धुरा घेतली. म्हणजे या कामाला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ झाला आणि त्यात मराठी माणसांचा वाटा फार मोठा आहे. तरी आजही मैफलीच्या वर्तुळात "विद्यापीठात गवई होत नाहीत" असं सहज म्हटलं जातं.

मला हे वाक्य अर्धंच खरं वाटतं. उल्हास कशाळकरांनी नागपूर विद्यापीठातून संगीतात एम. ए. केलं, सुवर्णपदक मिळवलं, आणि त्यानंतर राम मराठे आणि गजाननराव जोशी यांच्यासमोर बसून ते शिकले. पदवी झाली म्हणून त्यांनी शिकणं संपवलं नाही. प्रभा अत्रे विज्ञानाच्या आणि कायद्याच्या पदवीधर. संगीतात त्यांनी सरगमवर डॉक्टरेट केली आणि मुंबईच्या एस. एन. डी. टी. विद्यापीठात संगीत विभागाच्या प्रमुख म्हणून काम केलं. दुसऱ्या बाजूला अश्विनी भिडे-देशपांडे यांची डॉक्टरेट जीवरसायनशास्त्रातली. त्यांचं गाणं घरात, आई माणिक भिडे यांच्याकडं घडलं. या तिघांकडं पाहिलं तर पदवीमुळं कोणी मोठं झालं असंही म्हणता येत नाही आणि पदवीनं कुणाचं गाणं बिघडलं असंही म्हणता येत नाही. प्रत्येकाकडं समोर बसायला कुणीतरी होतं, एवढं मात्र तिन्ही ठिकाणी सारखं आहे.

आता संस्थांकडं वळू. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे. 1987 मध्ये सुरू झालेलं हे केंद्र स्वतःला गुरुकुल म्हणवतं आणि विद्यापीठाची चौकट सांभाळून गुरूसमोर बसून शिकण्याची सोय करण्याचा तिथं प्रयत्न आहे. संगीत, नृत्य आणि नाटक एकाच आवारात असल्यामुळं गाणाऱ्या मुलांच्या कानावर आणि डोळ्यांवर इतर कलांचे संस्कार होतात, हा त्याचा मोठा गुण. मुंबई विद्यापीठाच्या संगीत विभागाची सुरुवातीची घडण अशोक रानडे यांच्या हातची. मुलींसाठी एस. एन. डी. टी. आहे. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्र विभाग आहे, विदर्भात आणि मराठवाड्यातही विद्यापीठांमधून गायन शिकता येतं. महाराष्ट्राबाहेर जायची तयारी असेल तर बडोदा, बनारस, दिल्ली आणि छत्तीसगडातलं खैरागढ. खैरागढचं इंदिरा कला संगीत विद्यापीठ 1956 मध्ये स्थापन झालं. तिथल्या राजघराण्यानं आपल्या मुलीच्या स्मरणार्थ राजवाडाच विद्यापीठाला दिला. लहान गाव, फारशी करमणूक नाही, दिवसभर कुठून तरी गाण्याचा किंवा सतारीचा आवाज येत असतो. एकाग्रतेनं बसणाऱ्याला असं गाव मानवतं. मैफली ऐकल्याशिवाय ज्याला करमत नाही त्यानं पुणे-मुंबई सोडू नये. आणि पदवीचा आग्रहच नसेल तर कोलकात्याची आय. टी. सी. संगीत रिसर्च अकादमी आहे. तिथं पदवी मिळत नाही. शिष्यवृत्ती घेऊन गुरूंच्या सान्निध्यात राहून शिकता येतं. कशाळकर तिथंच गुरू म्हणून राहिले.

संकेतस्थळावर अभ्यासक्रम वाचून निर्णय घेऊ नका. अभ्यासक्रम सगळीकडं थोड्याफार फरकानं सारखाच असतो. विभागात जा आणि विचारा: आठवड्यातून गुरूंसमोर किती तास? एका वेळी किती विद्यार्थी? तबल्याची साथ रोज मिळते की फक्त परीक्षेच्या आधी? रियाजाच्या खोल्या आहेत का, आणि त्यांना कुलूप किती वाजता लागतं? शेवटचा प्रश्न किरकोळ वाटेल. मी शिकत असताना ज्या वसतिगृहात राहत होते तिथं संध्याकाळी सातनंतर आवाज करायला मनाई होती आणि सकाळी सहाच्या आत फाटक उघडत नसे. खर्ज लावायची वेळ नेमकी तीच. एक वर्ष मी पहाटे उशीत तोंड खुपसून खर्ज लावायचा प्रयत्न केला आणि गळा घट्ट करून घेतला. तो मोकळा व्हायला पुढचं वर्ष गेलं. खोली घेताना भाडं विचारण्याआधी "पहाटे गायलेलं चालेल का" हे विचारा.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट, तुमच्या आधीच्या गुरूंची.

एम. ए.ला येणारी बहुतेक मुलं आठ-दहा वर्षं कुणाकडं तरी शिकलेली असतात. गावातल्या एखाद्या बुवांकडं किंवा बाईंकडं. विशारद झालेली, काही अलंकारही झालेली. अर्ज भरून, प्रवेश मिळवून, मग पेढे घेऊन गुरूंच्या पाया पडायला जातात. असं करू नका. ठरवण्याआधी जा. तुमचा गळा त्यांनी तुमच्या आधी ओळखलेला असतो. माझ्या बाईंना मी विचारलं तेव्हा त्या बराच वेळ सुपारी कातरत बसल्या. मग म्हणाल्या, "जा. पण तिथं जे शिकशील ते इथं येऊन मला गाऊन दाखव. मी काही बोलणार नाही, फक्त ऐकेन." दर सुट्टीत मी त्यांच्यासमोर गायले. त्या खरंच काही बोलल्या नाहीत. पण कुठल्या जागेला त्यांनी मान वळवली आणि कुठं हातातला अडकित्ता थांबला, ते पाहून मला माझं गाणं कळत गेलं.

घराणं बदललं तर अडचण खरी असते. किराण्याच्या गळ्यानं वाढलेली मुलगी, एकेक स्वराची बढत, अतिविलंबित एकताल, आणि विभागात गुरू मिळाले जयपूर-अत्रौलीचे. तिथं आकार मोकळा, त्रितालाची लय तुलनेनं चढी, लयीशी बांधलेली पेचदार तान. सहा महिने तिला वाटत राहतं की आपल्याला काहीच येत नाही. मी असे सहा महिने कितीतरी मुलांच्या चेहऱ्यावर पाहिलेत. काही जण दोन्ही गुरूंना खूश करायला जातात आणि सकाळी एक गळा, संध्याकाळी दुसरा गळा लावतात. आवाजाला हा ताण सोसत नाही. नव्या गुरूंना पहिल्याच आठवड्यात मोकळेपणानं सांगा की मी अमुक पद्धतीचं शिकले आहे, यातलं काय ठेवू आणि काय तूर्त बाजूला ठेवू. बहुतेक जाणते गुरू आवाजाच्या लावण्याला हात लावत नाहीत, लयीवर आणि बंदिशीच्या मांडणीवर काम सुरू करतात. आणि एखादे गुरू "आधीचं सगळं विसर" म्हणाले, तर जुन्या गुरूंचा सल्ला घेतल्याशिवाय विसरायला सुरुवात करू नका.

वेळेचा हिशोब मांडून पाहण्यासारखा आहे. श्रेयांकाच्या पद्धतीत प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे साधारण तीस तास. चार श्रेयांकांची प्रात्यक्षिकाची एक प्रश्नपत्रिका म्हणजे एका सत्रात एकशेवीस तास. पंधरा आठवड्यांवर वाटले तर आठवड्याला आठ. अशा दोन प्रश्नपत्रिका धरल्या तरी सोळा. हे तास तुमच्या एकट्याचे नाहीत, वर्गाचे आहेत. सहा जणांच्या गटात तुमच्या वाट्याला प्रत्यक्ष गाण्याचा वेळ आठवड्याला तीन तासही येत नाही. कुणाची फसवणूक चाललेली नाही, विद्यापीठाची चौकटच तशी आहे. म्हणून जी मुलं "वर्गात झालं की" असं म्हणतात ती दोन वर्षांनी आली तशीच परत जातात.

पदवीचा खरा लाभ वर्गाबाहेरच्या वेळेत आहे. दोन वर्षं घरचे तुम्हाला "काय करतेस" असं विचारत नाहीत, कारण उत्तर सांगता येतं: एम. ए. करते. मुलींसाठी तर हा फार मोठा आधार आहे. लग्नाचा विषय दोन वर्षं लांबतो, नोकरीचा लांबतो, आणि दिवसाचे पाच-सहा तास तानपुऱ्याशी बसण्याला घरात मान्यता मिळते. अशी दोन वर्षं पुढं आयुष्यात पुन्हा मिळत नाहीत. ती कशी वापरायची, याचं माझं मत सांगते. पहाटे खर्ज आणि मंद्र सप्तक, चाळीस मिनिटं, घड्याळ न पाहता. न्याहारीनंतर तास-दीड तास एकाच रागाचा विलंबित ख्याल. एक राग किमान महिनाभर धरून ठेवा, परीक्षेच्या यादीत पंधरा असले तरी. दुपारी वाचन आणि ऐकणं. संध्याकाळी लयीचं काम, शक्यतो माणसाच्या तबल्यावर.

माणसाच्या तबल्यावर, हे मुद्दाम म्हटलं. मोबाइलवरचा ठेका कधी चुकत नाही, दमत नाही, तुमच्याकडं पाहत नाही. त्यावर वर्षभर गाणारी मुलं मंचावर तबलजीनं समेपूर्वी छोटा तुकडा वाजवला की बावरतात. तुमच्या विभागात तबला शिकणारी मुलं असतात, त्यांनाही गायकाच्या साथीचा सराव हवा असतो. एका तबलजीशी जोडी जमवा. मीही अशीच एकाबरोबर दोन वर्षं बसले. आम्ही रोज एकच बंदिश घ्यायचो आणि सम कुठूनही गाठायची असा खेळ खेळायचो. आजही मैफलीत मला ठेक्याची भीती वाटत नाही, ते त्या संध्याकाळींमुळं.

तानपुरा शक्य असेल तर स्वतःचा घ्या. मिरजेला तानपुऱ्याचे कारागीर पिढ्यानपिढ्या काम करतात. तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. स्वतः मिरजेला जा. कारागिराला तुमची पट्टी गाऊन सांगा, काळी चार की काळी पाच, आणि तुमच्या पट्टीत जुळवूनच वाद्य ऐका. घोडीवर तारेखाली दोरा सरकवत जवारी उघडते तो क्षण कारागिराच्या शेजारी बसून पाहा: तार आधी बोदी वाजते, दोरा केसभर सरकतो, आणि एकाएकी त्या एका तारेतून दुसरे स्वर दिसू लागतात. खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू यायला लागला की समजा जुळलं. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर प्रवासात गायला हरकत नाही. पण कानाला सुराची जी श्रीमंती लागते ती लाकडातून आणि भोपळ्यातूनच मिळते, असं माझं ठाम मत आहे.

शास्त्राच्या प्रश्नपत्रिकांकडं गाणारी मुलं सक्ती म्हणून पाहतात. थाट, श्रुती, ग्राम-मूर्च्छना, ताल-प्राण, पलुसकर आणि भातखंडे यांच्या लिपी, हे सगळं परीक्षेच्या आदल्या आठवड्यात घोकायचं. मीही तसंच केलं आणि नंतर पस्तावले. संगीतरत्नाकर तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारात लिहिला गेला. शार्ङ्गदेव सिंघण राजाचा अधिकारी होता. म्हणजे आज आपण ज्याला दौलताबाद म्हणतो तिथं बसून एका माणसानं स्वर, राग, ताल, वाद्यं, नृत्य यांची अशी व्यवस्था लावली की सात-आठशे वर्षांनी आपण तिच्यावर प्रश्नपत्रिका काढतो. तो ग्रंथ वाचून आपलं गाणं सुधारतं असं मी म्हणणार नाही. पण आपण जे रोज गळ्यातून काढतो त्याला किती जुनं नाव आहे, हे कळल्यावर वागण्यात एक भान येतं. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग तर घरात असायलाच हवेत. त्यांतल्या बंदिशी स्वरलिपीवरून स्वतः गाऊन काढायची सवय लागली की कुणी शिकवायची वाट पाहावी लागत नाही.

लघुप्रबंधाचा विषय निवडताना मोठ्या नावांमागं धावू नका. भीमसेन जोशी, कुमार गंधर्व, किशोरी आमोणकर यांच्यावर लिहिणाऱ्यांची रांग लागलेली आहे आणि दोन वर्षांत तिच्यात नवं काही घालणं अवघड. तुमच्या गावाकडं पाहा. ऐंशी ओलांडलेले एखादे बुवा असतील ज्यांच्याकडं जुन्या बंदिशी आहेत आणि त्या कुणी ध्वनिमुद्रित केलेल्या नाहीत. कीर्तनकारांच्या परंपरेत रागांची नावं वेगळी असतात. भजनी मंडळात एखादी चाल अशी सापडते की तिचा राग ठरवताना चार जाणती माणसं भांडतील. गोव्यात देवळांच्या उत्सवांत गाणाऱ्या घरांकडं अजून खूप काही आहे. माझ्या एका विद्यार्थ्यानं आपल्या आजोबांच्या हार्मोनियमच्या वह्या घेऊन काम केलं. त्या वह्यांत नाट्यपदांच्या स्वरलिपी होत्या आणि समासात कुठल्या गायकानं कुठली जागा कशी घेतली याच्या पेन्सिलीतल्या खुणा. त्याच्या मौखिक परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक तासभर त्या वह्या चाळत बसले.

पुढच्या पोटापाण्याबद्दल स्पष्ट लिहायला हवं. महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायचं तर एम. ए.ला पंचावन्न टक्के आणि नेट किंवा सेट लागते. महाराष्ट्र आणि गोवा यांच्यासाठीची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. नेटच्या दोन्ही प्रश्नपत्रिका बहुपर्यायी असतात, तीन तासांत दीडशे प्रश्न. त्यात एकदाही गावं लागत नाही. म्हणून चांगलं गाणारी मुलं तिच्यात अडकतात. एम. ए.च्या पहिल्याच वर्षी जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायला लागा, दुसरं वर्ष संपल्यावर लागू नका. 2018 च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत एक दुसरी वाटही होती: पदवीधर, नामवंत गुरूंकडं शिकलेला आणि आकाशवाणी-दूरदर्शनचा 'ए' श्रेणीचा कलाकार असेल तर त्याचाही विचार व्हावा. म्हणून आकाशवाणीची श्रवणचाचणी दुर्लक्षू नका. 'बी', 'बी हाय', 'ए' आणि 'टॉप' अशा चार पायऱ्या आहेत आणि त्या चढायला वर्षं लागतात, म्हणून लवकर सुरुवात करावी. कायम जागा थोड्या, अर्ज करणारे पुष्कळ. अनेक जण तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवतात आणि त्या मानधनात घर चालत नाही. हे घरच्यांना आजच सांगा, एम. ए. झाल्यावर सांगू नका. शाळांमधून संगीतशिक्षकाच्या जागा असतात, खासगी शिकवण्या चालतात, आणि परदेशातल्या मराठी घरांतली मुलं ऑनलाइन शिकतात. या कामाला कमी लेखू नका. पलुसकरांचे शिष्य गावोगाव जाऊन लहान मुलांना प्राथमिक स्वर शिकवत होते, म्हणून आज आपल्याकडं ऐकणारा वर्ग आहे.

शिष्यवृत्त्यांसाठी प्रयत्न जरूर करा. केंद्र सरकारच्या सांस्कृतिक मंत्रालयाची अठरा ते पंचवीस वयाच्या तरुण कलाकारांसाठी दोन वर्षांची शिष्यवृत्ती आहे, दरमहा पाच हजार रुपये. तिच्यासाठी गुरूकडं किमान पाच वर्षं शिकल्याचा दाखला लागतो. हा दाखला तुमच्या गावातल्या बुवांकडून आधीच घेऊन ठेवा. मुंबईच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राच्या, म्हणजे एन. सी. पी. ए.च्या, आणि महाराष्ट्र शासनाच्या पंडित भीमसेन जोशींच्या नावानं असलेल्या शिष्यवृत्तीच्या जाहिरातींवरही लक्ष ठेवा.

गांधर्व महाविद्यालय मंडळाची अलंकार झालेल्यांना एक गोष्ट सांगते. तुमची परीक्षा कष्टाची आहे आणि तिचा मान मोठा आहे. पण विद्यापीठात प्रवेश घेताना आणि नोकरीच्या जाहिरातीत तिची समकक्षता प्रत्येक ठिकाणी वेगळी धरली जाते. जिथं अर्ज करणार तिथून लेखी विचारून घ्या, तोंडी आश्वासनावर वर्ष घालवू नका. नव्या शैक्षणिक धोरणात चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतलेल्यांना पदव्युत्तर अभ्यास एका वर्षात पुरा करता येतो. गायनासाठी मला हे एक वर्ष फार अपुरं वाटतं. दोन वर्षांची सवड मिळत असेल तर घाई करू नका.

आणि काही जणांनी हा अभ्यासक्रम घेऊच नये, असंही मी सांगेन. ज्यांना उत्तम गुरू रोज मिळत आहेत आणि घरची परिस्थिती बरी आहे, त्यांनी नुसत्या कागदासाठी ती बैठक सोडू नये. ज्यांच्या गळ्याला सतत खरखर आहे, गाताना दुखतं, त्यांनी आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं, सहा महिने थांबावं. सुजलेल्या स्वरयंत्रावर रोज पाच तास गायलात तर कायमचं नुकसान होऊ शकतं. आणि ज्यांना घरच्यांनी दुसरं काही मिळालं नाही म्हणून पाठवलं आहे, त्यांनी घरच्यांशी एकदा मनमोकळं बोलावं.

ज्यांनी ठरवलं आहे, त्यांना एवढीच विनंती. प्रवेश सुरू होण्याआधी एक दिवस काढा आणि ज्या विभागात जायचं आहे तिथं सकाळी आठ वाजता जाऊन बाहेरच्या बाकावर बसा. कुणाला ओळख देऊ नका. कोण पहिलं येतं, तानपुरे कोण जुळवतं, गुरू वर्गात किती वेळ बसतात आणि वर्ग सुटल्यावर मुलं घरी जातात की खोलीत परत गातात, ते पाहा. दुपारपर्यंत तुम्हाला कळेल. मग अर्ज भरा.